दहा सेंटिमीटरची पट्टी

मंडणगडकडच्या घरांच्या पडवीत काय नसतं! सागरगोटे, चिंचोके, फणसाच्या आठळ्या, वाळत घातलेल्या काजूच्या बिया. शिवाय जत्रेतून आलेली पिपाणी आणि प्लास्टिकचा खुळखुळा. रांगणारं बाळ यातलं काहीही उचलून तोंडात घालतं.

असं काही घशात अडकेल का, हे पाहायला खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक नळी असते. तिचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा झालेला भाग न दाबता तिच्यात पूर्ण मावला, की खेळणं नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तेही मावतं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. २०२२मध्ये त्याने एका ऑनलाइन विक्रेत्याला २,२६५ प्रेशर कुकर परत घ्यायला सांगितले. तिथे गिऱ्हाइकांचे पत्ते नोंदलेले होते. जत्रेतल्या पिपाणीवर मात्र ना कंपनीचं नाव, ना तिचं बिल. ती कोणाकडून आणि कशी परत मागवायची? सागरगोट्याला तर कारखानाच नाही.

म्हणून ही नळी घरात हवी, असं मला मनापासून वाटतं. जुन्या लग्नपत्रिकेची दहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा आणि टोकाला टोक भिडवून चिकटवा, एकावर एक चढवू नका. कडं जवळजवळ त्याच व्यासाचं होतं. त्यातून आरपार जाईल ते बाळापासून दूर ठेवा. सागरगोटा जातो, चिंचोका जातो, पिपाणीतली सुटलेली पत्तीही जाते.

नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार मिलिमीटरची. तिची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो.

बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल आणि ते वर्षाच्या आतलं असेल, तर डोकं खाली करून हातावर पालथं घ्या, खवाट्यांच्या मधोमध पाच थापा मारा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्या. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत हेच आलटूनपालटून करा, दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका; ती आणखी आत जाते.

ठसका थांबून बाळ खेळायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. बी किंवा प्लास्टिकचा तुकडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, आणि फुप्फुसाच्या फाट्यात अडकलेली वस्तू कित्येक आठवडे साध्या खोकल्यासारखी भासते. त्या दिवशी तोंडात काय होतं, हे डॉक्टरांना घरच्यांनीच सांगावं लागतं.