फुकटचं सॉफ्टवेअर सोपंही असावं का?



ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर. बहुतेक वेळा ते फुकट मिळतं. मग छोट्या दुकानात ते कमी आणि क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर जास्त का दिसतं? कारण त्यातली बटणं ओळखीची असतात. लायसन्स फुकट असलं, तरी शिकायला लागणारा तुमचा वेळ फुकट नसतो.

काही जाणकार म्हणतात, "सामान्य माणसाच्या सोयी घालत बसलो तर सॉफ्टवेअरची ताकद जाईल." खरंच जाते का? दोन उदाहरणं बघा.

ब्लेंडर हे थ्रीडी कामाचं सॉफ्टवेअर. त्यात वस्तू निवडायला पूर्वी माऊसचं उजवं बटण दाबावं लागायचं. नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला गोंधळायचा. 2019 मध्ये आलेल्या 2.80 आवृत्तीपासून हे काम डाव्या बटणावर आलं. जुन्या लोकांसाठी उजव्या बटणाचा पर्याय तसाच ठेवला.

दुसरं लिबरऑफिस. पत्रं, कोटेशन, हिशोबाच्या शीट यासाठी. 2019 च्याच 6.2 आवृत्तीत टॅबवाली पट्टी सगळ्यांसाठी खुली झाली. 'व्ह्यू' मेनूत 'युजर इंटरफेस' उघडा आणि 'टॅब्ड' निवडा. जुना मेनू हवा असेल तर तोही आहे.

म्हणजे ताकद कुठेच गेली नाही, फक्त दार रुंद झालं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सोय द्यायलाच हवी.

पण दुसरी बाजूही समजून घ्या. ही कामं करणाऱ्यांत बरेच स्वयंसेवक असतात. प्रत्येक नवी सोय पुढे वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. म्हणून नुसतं "अवघड आहे" म्हणू नका. "कोटेशनमध्ये बेरीज करताना इथे अडलो" असं नेमकं कळवा. जमलं तर थोडी देणगी द्या.

आता तुमचा गृहपाठ. पुढचे 15 दिवस तीन कामं लिबरऑफिसमध्ये करा: एक कोटेशन, एक स्टॉकची शीट, एक दरपत्रक. मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा. ग्राहकाला पाठवताना पीडीएफ करा, म्हणजे मांडणी हलणार नाही. प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते वहीत लिहा. 15 दिवसांनी वेळ कमी होत गेलेला दिसला, तर क्रॅकची कॉपी काढून टाका. नाही दिसला, तर रीतसर लायसन्सचा खर्च धंद्याच्या हिशोबात धरा. चोरीच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करू नका.

आणि हाच प्रश्न स्वतःच्या मालालाही विचारा. तुमचा मसाला एक नंबर असेल, पण पाकीट उघडायला ताईंना कात्री शोधावी लागते का?

चला, कामाला लागा!