पत सांभाळणारी नवी नोकरी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या व्यापारी घराची कल्पना करावी. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सारे बसले आहेत आणि पदवी घेतलेली मुलगी सांगते, "एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत मला कम्युनिटी मॅनेजरची नोकरी मिळत आहे. काम घरूनच करायचे आहे." क्षणभर कोणी बोलत नाही. मग आजोबा विचारतात, "यात माल कोणता विकायचा?" वडील विचारतात, "त्यात पैसे लावतात का?" आणि आई विचारते, "रात्री जागावे लागेल का?" हे तिन्ही प्रश्न अनुभवातून आलेले आहेत. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय घराने या नोकरीला होकारही देऊ नये आणि नकारही देऊ नये.

आजोबांचा प्रश्न आधी घेऊ. मोठ्या प्रकाशन-कंपनीच्या छत्राखाली न जाता छोट्या संघाने स्वतःच्या हिमतीवर तयार केलेल्या खेळाला स्वतंत्र खेळ म्हणतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संघाचा 'राजी' हा त्याचा जवळचा नमुना. त्यासाठी 2017 मध्ये लोकवर्गणीचे आवाहन झाले, पण उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही. संघाने तरीही काम सोडले नाही आणि 2020 मध्ये खेळ बाजारात आला. 'राजी' एकट्याने खेळायचा खेळ आहे. तो विकला गेला की व्यवहार बहुतांशी पुरा होतो. ऑनलाइन खेळाचे तसे नसते. तेथे हजारो अनोळखी माणसे एकाच वेळी एकत्र खेळतात, बोलतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. ते रोज उघडावे लागणारे दुकान आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीचा 'इंडस' हा असा खेळ 16 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वांसाठी खुला झाला. त्याआधी कंपनीने खेळाडूंना बोलावून तो प्रत्यक्ष खेळायला दिला होता आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले होते.

हे म्हणणे ऐकणे हेच कम्युनिटी मॅनेजरचे मुख्य काम. अशा खेळांचे खेळाडू बहुधा 2015 मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉर्डसारख्या संवाद-माध्यमावर जमतात. सकाळी रात्रभरचे संदेश वाचायचे आणि बिघाडाची तक्रार, सुधारणेची सूचना व नुसता संताप यांची वेगवेगळी वर्गवारी करायची. "गेम चालत नाही" एवढ्या तक्रारीवर प्रोग्रामर काहीच करू शकत नाही. कोणता फोन, खेळाची कोणती आवृत्ती, काय केल्यावर खेळ बंद पडला, हे शांतपणे विचारून नोंदवायचे. मग संघाकडून उत्तर आणून ते सोप्या भाषेत सर्वांना सांगायचे. शिवीगाळ करणाऱ्याला आधी ताकीद द्यायची, न ऐकल्यास त्याचे बोलणे काही काळ बंद करायचे आणि शेवटचा उपाय म्हणून त्याला बाहेर काढायचे. नियम मित्रालाही लागू आणि परक्यालाही. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाचे ऐकणारा आणि गोदामात जाऊन मालातील दोष सांगणारा असा दोन्हीकडचा विश्वासू माणूस प्रत्येक जुन्या पेढीत असे. त्याचीच ही नवी जागा आहे. आजोबांना उत्तर द्यायचे तर, या जागेवर पत सांभाळली जाते.

पत गेली तर काय होते, हे इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्या संघाने अनुभवले. त्यांचा 'नो मॅन्स स्काय' हा खेळ ऑगस्ट 2016 मध्ये आला. प्रकाशनापूर्वी ज्या गोष्टींची अपेक्षा निर्माण झाली होती, त्यांपैकी अनेक त्यात नव्हत्या. दोन खेळाडूंची खेळात भेट होण्याची सोयही नव्हती. ग्राहक संतापले आणि संघ बराच काळ गप्प राहिला. त्या मौनाने राग अधिकच वाढला. पुढे संघाने नवी आश्वासने देणे कमी केले आणि काम करून दाखविण्यास सुरुवात केली. एकामागून एक सुधारणा विनामूल्य दिल्या गेल्या. 2018 मध्ये एकत्र खेळण्याची पूर्ण सोय आली. एकेकाळी निंदेने भरलेल्या त्याच विक्री-मंचावर खेळाडूंचे एकूण मत अत्यंत अनुकूल होण्यास 2024 साल उजाडावे लागले. बिघडलेला शब्द दुरुस्त करण्यास आठ वर्षे लागली. जे तयार झालेले नाही ते तयार आहे असे न सांगणे आणि चूक झाल्यावर तोंड न लपविणे, या दोन गोष्टींसाठी अशा संघाला कम्युनिटी मॅनेजर हवा असतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील इनरस्लॉथ या संघाचे. 'अमंग अस' हा त्यांचा खेळ 2018 मध्ये आला तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. 2020 च्या टाळेबंदीत तो जगभर पसरला आणि अवघ्या तिघांच्या संघापुढे कोट्यवधी खेळाडू उभे राहिले. त्यांनी खेळाचा दुसरा भाग काढण्याचा बेत रद्द केला आणि आहे तोच खेळ सुधारण्याचे ठरविले. समुदायाचे काम व्हिक्टोरिया ट्रॅन यांच्याकडे आले. 2021 मध्ये खेळाडूंसाठी खाती सुरू झाली, गैरवर्तनाची तक्रार करण्याची व्यवस्था आली आणि लहान मुलांना मोकळ्या गप्पांऐवजी ठरावीक वाक्यांतूनच बोलता येईल, अशी मर्यादा घातली गेली. अचानक झालेली भरभराटही दुकान मोडू शकते. गर्दी वाढली की आधी शिस्त वाढवावी लागते.

आता वडिलांचा प्रश्न. तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे. खेळ आणि जुगार यांतील रेषा आता कायद्यानेही आखली आहे. ऑनलाइन गेमिंगविषयी संसदेने संमत केलेल्या अधिनियमाला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे सामाजिक खेळ यांना प्रोत्साहन आहे. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मात्र बंदी आहे, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्यासाठीही शिक्षा आहे. म्हणून "मी फक्त संदेश लिहीत होते" ही सबब अशा ठिकाणी उपयोगाची नाही. खेळाडू खेळ विकत घेतो, की त्यात पैसा लावतो, हे नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वीच स्वतः खेळ पाहून समजून घ्यावे.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न उभा राहतो. 'इंडस'सह अनेक लोकप्रिय खेळ बंदुकीच्या लढाईचे आहेत. पडद्यावरच्या गोळीने कोणी मरत नाही, हे खरे. तरीही ज्या खेळाचे कौतुक दिवसातून शंभर वेळा करायचे, तो आपल्या मनाला मानवतो का, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. शेतीचे, कोड्यांचे, नगररचनेचे, कथांचे खेळही पुष्कळ आहेत आणि त्यांनाही समुदाय सांभाळणारी माणसे लागतात. कोणत्या मालाचा व्यापार करायचा नाही, हे ठरविण्याची परंपरा जैन व्यापारी घरांना नवी नाही.

आईचा प्रश्न सर्वांत व्यावहारिक आहे. खेळाडू जगभर पसरलेले असतात. सोलापुरात मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेत दुपार असते, आणि सर्व्हर बंद पडण्यास मुहूर्त लागत नाही. संघाच्या चुकीचा राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो. अर्वाच्य भाषा रोज वाचावी लागते, स्त्रियांना तर अधिक. म्हणून कामाचे तास लेखी असावेत, रात्रीची पाळी वाटून घेणारा दुसरा माणूस असावा, आणि स्वतःचे पूर्ण नाव, घरचा पत्ता व वैयक्तिक खाती कामापासून अलग ठेवावीत. जेथे या गोष्टींना "आम्ही सारे एका कुटुंबासारखे आहोत" एवढेच उत्तर मिळते, तेथे थोडे थांबावे. छोट्या संघाचे भांडवलही छोटे असते. एक खेळ पडला की वेतन अडते. किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. मोबदला परदेशातून येणार असेल तर कराचा हिशेब सनदी लेखापालाला आधीच दाखवावा.

या कामासाठी संगणकाची पदवी लागतेच असे नाही. मराठी, हिंदी व इंग्रजीत नेमके लिहिता यावे, नोंदी नीट ठेवता याव्यात आणि रागावलेल्या माणसाशी सौम्यपणे बोलता यावे. जैन आचारात भाषा समितीचा अर्थ हितकर, मोजके आणि प्रिय बोलणे असा सांगतात. या नोकरीचा निम्मा अभ्यासक्रम त्यातच आला. उरलेला निम्मा एखाद्या छोट्या खेळाच्या समुदायात काही महिने स्वयंसेवक म्हणून काम केल्याने येतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरातच झाला. घरचा व्यवसाय सोडून ते रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले, पुढे जहाजांकडे आणि 1940 मध्ये विमानांच्या कारखान्याकडे. प्रत्येक वळणावर त्यांचा धंदा घरच्यांना अनोळखी होता. त्यामागची व्यापाराची समज मात्र घरचीच होती. शुक्रवार पेठेतील त्या कल्पित घरातही तिन्ही प्रश्न एका कागदावर लिहावेत आणि तो कागद मुलीच्या हाती द्यावा. मुलाखतीत तिने ते कंपनीला विचारावेत. उत्तरे सरळ आली तर घरातील एक खोली तिच्या कामासाठी मोकळी करून द्यावी. उत्तरे टाळली गेली तर नकार देण्याचा निर्णयही तिलाच घेऊ द्यावा, कारण पत कोठे आहे आणि कोठे नाही हे ओळखणे हाच तिच्या नव्या पेशाचा पहिला धडा आहे.