ताप हटत नाही, तेव्हा

दीड वर्षाचं मूल. काखेतलं थर्मामीटर 104 दाखवतं. औषध पाजलं, दोन तास गेले, पुन्हा लावलं तर 102. घरातल्यांचे चेहरे उतरतात आणि आजीपासून काकापर्यंत सगळे तेच म्हणतात, ‘ताप हटतच नाहीये.’ सातारा काय, सांगली काय, पावसाळा लागला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर हे वाक्य हटकून कानावर येतं. त्यामागची भीती अगदी खरी आहे, तिला कुणी हसू नये. पण 104 वरून 102 म्हणजे औषधाने आपलं काम केलं आहे. पॅरासिटामॉलने ताप साधारण दोन, फार तर तीन अंश फॅरनहाइट उतरतो, आणि तेवढं व्हायलाही दोन-तीन तास लागतात. मूळ आजार सरेपर्यंत तो पुन्हा चढणारच. हे माहीत नसलं की दुसरं औषध, मग तिसरं, मग ‘डॉक्टर, एक सुई मारूनच टाका’ असं सुरू होतं. या गडबडीत जिच्याकडे नीट बघायला हवं ती गोष्ट, म्हणजे खुद्द मूल, बाजूला राहतं.

ताप कसा येतो ते आधी पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग शरीराचं तापमान ठरवतो. जंतू शिरले की संरक्षक पेशी रक्तात काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं, आणि गीझरचा काटा वर फिरवावा तसं ठरलेलं तापमान 98 वरून 103 वर जातं. आता 99 असलेलं अंगही शरीराला थंड भासतं. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीकडचं रक्त आत वळवलं जातं, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ‘कपाळ भाजतंय आणि तळपाय बर्फासारखे’ या तक्रारीचा उलगडा इथेच होतो. त्या वेळी ताप चढत असतो. चढून झाला की हातपायही तापतात. मूल पेंगुळलेलं असेल आणि ताप उतरायला लागल्यावरही हातपाय गारच राहिले, तर मात्र ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन रोखून मेंदूने वर नेलेलं लक्ष्यच खाली आणतं. गार पाण्याच्या घड्या तसं करत नाहीत. त्या फक्त कातडी गार करतात, मेंदूला मात्र अजून 103 च हवं असतं, मग मूल कुडकुडतं, रडतं आणि ताप पुन्हा तिथेच जातो. आपल्याकडे मिठाच्या पाण्याच्या आणि कोलनवॉटरच्या घड्यांची जुनी रीत आहे. मिठाने काही साधत नाही. कोलनवॉटरमध्ये अल्कोहोल असतं, ते लहानग्याच्या कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, त्यामुळे ते वापरूच नये. कोमट पाण्याने अंग पुसल्यावर मुलाला बरं वाटत असेल तर जरूर पुसावं, रडत असेल तर थांबावं. दुपट्यावर दुपटं, वर गोधडी, डोक्याला कानटोपी असं गुंडाळणंही नको. एक सुती झबलं आणि मोकळी हवा पुरते.

ताप शरीराच्या उपयोगाचा असतो याचा एक सुंदर पुरावा सरड्यांनी दिला आहे. वाळवंटी इग्वाना हा सरडा स्वतःची उष्णता स्वतः राखू शकत नाही, तो उन्हात जाऊन ती मिळवतो. अमेरिकेतल्या मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी अशा सरड्यांना जंतुसंसर्ग केला, तेव्हा आजारी सरडे एरवीपेक्षा जास्त उबदार जागा शोधू लागले. म्हणजे थंड रक्ताचा प्राणीही ताप ‘आणवून’ घेतो. मग त्यांना 34 ते 42 अंश सेल्सियस अशा वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. उबेत ठेवलेले जास्त जगले, गारव्यातले जास्त मेले. हे काम 1975 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. त्यावरून मुलांना तापात तसंच तळमळत ठेवावं असा अर्थ कुणी काढू नये. अंग दुखतंय, किरकिर चाललीय, दूध-पाणी नको म्हणतंय, तर औषध द्यावंच. ते मुलाला आराम पडावा म्हणून. 101 आहे आणि मूल भांडी वाजवत खेळतंय, किंवा शांत झोपलंय, तर त्याला औषधासाठी उठवायची गरज नाही.

तापाने मेंदूवर परिणाम होईल, ही मोठी धास्ती असते. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी 1980 मध्ये पालकांच्या या भीतीला ‘फीव्हर फोबिया’ असं नावच दिलं. जंतुसंसर्गाच्या तापाला शरीराचा स्वतःचा लगाम असतो. तो सहसा 106 च्या पलीकडे जात नाही, आणि 103-104 ने मेंदूला इजा होत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं तापणं निराळं. तिथे लगाम सुटलेला असतो आणि क्षणाचाही उशीर चालत नाही.

आता औषधाची बाटली हातात घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो : एका वेळी दर किलोला 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. पण दुकानात एकाच नावाच्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या बाटल्यांची ताकद वेगळी असते. पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर सव्वासहा मिलिलिटर लागतील, 250 लिहिलं असेल तर तीन. आणि ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरलाच 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिलिलिटर पुरे. ड्रॉप्स हे ‘लहान बाळाचं, म्हणजे हलकं औषध’ समजून कुणी चमचाभर पाजलं, तर पाच मिलिलिटरमधून 500 मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त, पोटात जातं, आणि पॅरासिटामॉलच्या अतिरेकाने यकृत निकामी होऊ शकतं. उलटंही घडतं. 120 च्या बाटलीतून तीन मिलिलिटर दिलं की डोस निम्म्याहून कमी पडतो आणि ‘हटत नाही’ची तक्रार सुरू होते. पुष्कळदा हट्टी तापाचं मूळ या अपुऱ्या डोसात असतं. स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका, बाटलीबरोबरचं मापच घ्या. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

दुसरं एक काळजीचं. सर्दी-तापाच्या एकत्रित औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं; वेगळं पाजलं की डोस दुप्पट होतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली कित्येक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. ती घरं साध्या सर्दी-तापाचंच औषध आणायला गेली होती, ही गोष्ट विसरता येत नाही. निमेसुलाइड या तापावरच्या औषधावर 12 वर्षांखालच्या मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांना तापात देत नाहीत, आणि डेंग्यूची शंका असेल तोवर आयब्युप्रोफेनही नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग बघायचं काय? ताप थोडा उतरलेला असताना मुलाकडे बघा. 104 असताना कुठलंही मूल मलूल दिसतं. 101 वर आल्यावर ते आईकडे बघून हसलं, दोन घोट प्यायलं, तर वेळ हाताशी आहे. तेव्हाही ते मान टाकून पडलं असेल, तर आकडा काही का असेना, निघायचं. झबलं वर करा, मूल शांत असताना घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, हा जलद श्वास. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, लोक ‘पोट उडतंय’ म्हणतात तसं, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. काहीही पिता येत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, उठवूनही नीट जाग येत नाही, मान ताठ झालीय, टाळू फुगलीय, आठ तासांत लघवी नाही, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आलेत : यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 जरी आला, तरी औषध न पाजता थेट रुग्णालय गाठायचं.

आकडी आली की मात्र भल्याभल्यांचं धैर्य सुटतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके देतात, ओठ निळे पडतात. आई-बापाला वाटतं, गेलं आपलं लेकरू. बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत ती आपोआप थांबते आणि मागे काही ठेवत नाही. त्या वेळी कुणी दातांत चमचा सारतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. चमच्याने दात तुटतो, पाणी पाजलं तर फुप्फुसात जातं. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने हलवा; थांबली तरी पहिली आकडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर पॅरासिटामॉल दिल्याने आकडी टळतेच असं नाही, त्यामुळे ‘मी औषध द्यायला उशीर केला’ असं म्हणत कुठल्या आईने स्वतःला कोसत बसू नये.

दिवस मोजणं आकड्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस 103-104 ताप, आणि ताप गेला त्याच दिवशी अंगावर बारीक गुलाबी पुरळ, हा रोझिओला. घरचे म्हणतात गोवर निघाला किंवा औषध उलटलं. गोवरात पुरळ ताप जोरात असताना येतं, सोबत खोकला आणि लाल डोळे असतात. रोझिओलाचं कारण असलेला विषाणू जपानी संशोधकांनी 1988 मध्ये दाखवून दिला. त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, ते आपलं आपण बरं होतं. दात येताहेत म्हणून 103 ताप येत नाही. त्या समजुतीत दिवस दवडले की कधी कधी लघवीतला संसर्ग राहून जातो, विशेषतः मुलींमध्ये. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता ताप, तर लघवीची तपासणी व्हायलाच हवी. पाच दिवस हटत नसलेला ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले हातपाय हे कावासाकी आजाराचं चित्र असू शकतं. जपानचे तोमिसाकू कावासाकी यांनी तो 1967 मध्ये मांडला. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन मिळालं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या बहुतांशी वाचतात.

डेंग्यूत मात्र उलटा न्याय आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत पिंपं भरून ठेवावीच लागतात आणि त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या वाढतात. डेंग्यूचा धोका ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, मूल पेंगुळतं, पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. ‘ताप गेला, सुटलो’ म्हणून घरी थांबलेल्यांची मुलं याच काळात गमावली जातात.

साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयापासून कराड, सांगली, मिरजेपर्यंत या पट्ट्यात मोठी रुग्णालयं आहेत. 1894 मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून दूरदूरचे लोक आजारी माणसं घेऊन मिरजेला येत आले. पण कोयनेच्या पलीकडच्या वाडीतून शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून यायचं, तर रात्री निघताच येत नाही. तिथल्या आईने दुपारी चारलाच निर्णय घ्यायचा असतो, आणि तो घ्यायला तिला ही लक्षणं आधी माहीत हवीत. तीच गोष्ट वाळवा-कराडकडे ऊसतोडीला आलेल्यांची. पहाटे आई-बाप फडात, तापलेलं लेकरू कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशी. गावाकडच्या आशाताई गावाकडेच राहिल्या. तळ पडतो त्या दिवशीच इथल्या आशाताईंनी कोप्यांतून फिरून लहान मुलांची नावं लिहून घ्यावीत, आणि रात्री 108 ला फोन कुणी करायचा हे मुकादमाशी ठरवून टाकावं. 2014 पासून ही रुग्णवाहिका राज्यात मोफत आहे.

निघताना एक कागद बरोबर घ्या : ताप कधी आला, किती होता, कुठलं औषध किती मिलिलिटर कितीला दिलं, शेवटची लघवी कधी झाली, लसी कुठवर झाल्या. औषधाची बाटलीही पिशवीत टाका. ‘लाल औषध दिलं’ एवढ्यावरून रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. आणि वाटेत मूल पीत असेल, तर त्याला छातीशी घेऊन पाजत राहा.