दुःखवाचक इंग्रजी शब्दांचें मूळ

वरच्या वर्गांतील निबंध तपासतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं आढळते. कोशांत 'ट्रबल', 'डिस्ट्रेस', 'ट्रिब्युलेशन', 'अँग्विश' ह्या साऱ्यांपुढें 'दुःख, संकट' असाच अर्थ पाहून मुलें कोणताही शब्द कोठेंही घालतात. बस चुकली तरी 'अँग्विश', आणि आई वारली तरी 'ट्रबल'! वस्तुतः ह्या प्रत्येकाच्या मुळाशीं कांहींतरी डोळ्यांनीं दिसणारें वा हातास लागणारें आहे. तें ठाऊक असलें म्हणजे असा घोटाळा सहसा होत नाहीं.

'ट्रिब्युलेशन' हाच शब्द घ्या. रोमन शेतकरी मळणीसाठीं 'ट्रिब्युलम' नांवाची जाड फळी वापरीत. तिच्या खालच्या अंगास गारगोटीचे तुकडे किंवा लोखंडी दांते ठोकलेले असत. ती बैलांकडून पेंढ्यांवरून ओढवीत, म्हणजे दाणा मोकळा होई. यंत्रें येण्यापूर्वीं आपल्याकडे खळ्यांत बैलांच्या पायांखालीं मळणी होई. तरी ज्यानें ती पाहिली आहे त्याच्या डोळ्यांपुढें चित्र तेव्हांच उभें राहील. पुढें लॅटिनमध्यें लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांनीं हा शब्द छळ व आपत्ति ह्या अर्थीं योजिला, आणि फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला. दीर्घकाळ भरडून काढणाऱ्या आपत्तीसच तो शोभतो.

'ट्रॅव्हेल' म्हणजे कष्ट, तसेंच प्रसूतिवेदना. ह्याचें मूळ 'ट्रिपॅलियम', तीन खुंटांचें यातनायंत्र. फ्रेंचांनीं त्यावरून 'काम करणें' ह्या अर्थाचें रोजचें क्रियापद बनविलें. इंग्रजांनीं प्रवासास तेंच नांव दिलें, 'ट्रॅव्हल'. मध्ययुगांतील रस्ते कसे असतील, हें त्यावरून ताडावें! आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस पावसाळ्यांत शाळेस येतांना हा अर्थ आजही पटेल.

'ट्रबल' मात्र सौम्य. त्याच्या मुळाशीं ढवळणें, गढूळ करणें ही कल्पना आहे. आणि गढूळ पाणी कांहीं वेळानें निवळतेंही. 'डिस्ट्रेस' म्हणजे मूळचें ताणून धरणें. भाडें थकल्यास भाडेकरूचा माल अडकवून ठेवण्यासही इंग्रजी कायद्यांत हेंच नांव असे. 'हार्डशिप' ह्यांतील 'शिप' म्हणजे गलबत नव्हे, 'फ्रेंडशिप' मधील प्रत्ययच होय, हें आम्हांस दरवर्षीं सांगावें लागतें.

राहिला 'अँग्विश'. लॅटिनमध्यें ह्याचा मूळ अर्थ अरुंदपणा. छाती आवळावी, श्वास कोंडावा, अशा दुःखाचें हें नांव. आई गेल्याच्या शोकास हाच शब्द योग्य. आपल्या 'संकट' शब्दाचाही संस्कृतांतील मूळ अर्थ अरुंद, चिंचोळी वाट असाच आहे. इतकेंच नव्हे, तर वेदांतील 'अंहस्' हा दुःखवाचक शब्द, आणि इंग्रजींतील 'अँग्विश', 'अँग्झायटी' व 'अँगर' हे सारे एकाच धातूचे वंशज आहेत. ऋग्वेदांतील ऋषि ह्या 'अंहस्' पासून सुटका मागतात, तेव्हां त्याच्या उलट जें इच्छितात त्यास 'उरु' म्हणतात. 'उरु' म्हणजे रुंद, मोकळें.