दुसरा गोलकीपर

फुटबॉलच्या संघात गोलकीपरची जागा एकच. आघाडीचा खेळाडू दमला की त्याला बदली मिळते. गोलकीपरच्या बाबतीत मात्र पहिला जायबंदी झाला, त्याला लाल कार्ड मिळाले किंवा त्याचा खेळ पार बिघडला, तरच बाकावरचा दुसरा मैदानात येतो. त्यामुळे राखीव गोलकीपरची कारकीर्द कागदावर फार तोकडी दिसते. 2010 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या गोलमध्ये उभा राहिलेला रॉबर्ट ग्रीन 2018-19 च्या हंगामात चेल्सीकडे होता. वर्षभरात त्याच्या वाट्याला एकही सामना आला नाही. संघाने युरोपा लीग जिंकली आणि ग्रीन निवृत्त झाला. अर्जेंटिनाच्या सर्जिओ गोयकोचेयाचे नशीब वेगळे. 1990 च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाविरुद्ध नेरी पंपिदोचा पाय मोडला, हा आत आला आणि युगोस्लाव्हिया व इटलीविरुद्धच्या पेनल्टी अडवून त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले.

मला मात्र या दोघांपेक्षा गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी जवळचा वाटतो. त्याचा जन्म 1989 चा. इंडियन सुपर लीग 2014 साली सुरू झाली तेव्हा त्याच्या एफसी गोवा संघाकडे यान शेडा हा चेक गोलकीपर होता, पुढच्या वर्षी एलिंटन आंद्रादे आला. परदेशी गोलकीपर संघात असला की देशी गोलकीपरला वाट बघावी लागते.

20 डिसेंबर 2015 रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर अंतिम सामना होता, समोर चेन्नईयिन. गोलमध्ये कट्टीमणी. त्या दिवशी त्याने पेनल्टीसुद्धा अडवली होती. 87व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा 2-1 ने पुढे गेले आणि घरचे प्रेक्षक विजय धरूनच चालले. पण 90व्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीच्याच हाताला लागून जाळ्यात गेला. पाठोपाठ मेंडोझाने तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईला गेला. नोंदीत तो स्वयंगोल कट्टीमणीच्या नावावर आहे. अडवलेली पेनल्टी किती जणांच्या लक्षात राहिली असेल?

पुढे तो हैदराबाद एफसीत गेला. 2019-20 च्या पहिल्याच हंगामात हा संघ तळाला राहिला. दुसऱ्या वर्षी सुब्रत पालसारखा नावाजलेला गोलकीपर संघात होता. त्याच हंगामात कट्टीमणीने जागा मिळवली आणि पाल जानेवारी 2021 मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी कट्टीमणीवर विश्वास टाकला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एका चुकीवरून गोलकीपरला कायमचे बाजूला सारणे सोपे असते.

20 मार्च 2022. तेच फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना, समोर केरला ब्लास्टर्स. 88व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधली आणि सामना 1-1 वरून पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने लेस्कोविचची पेनल्टी अडवली. मग निशू कुमारची अडवली, पण गोलरेषा आधीच सोडल्याबद्दल पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. फटका मारायच्या क्षणी गोलकीपरचा एक पाय तरी रेषेवर किंवा तिच्या मागे हवा, असा नियम आहे. निशूने दुसऱ्यांदा मारली, कट्टीमणीने दुसऱ्यांदा अडवली. नंतर जीकसन सिंगचीही. हैदराबादने शूटआउट 3-1 ने जिंकले. कट्टीमणी तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

अशी दुसरी संधी शाळेतल्या गोलकीपरलाही मिळायला हवी. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शाळांचे संघ सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेसाठी जिल्ह्यावरून अमरावती विभागात आणि तिथून राज्य पातळीवर जाऊ शकतात. म्हणजे वाट आहे. अडचण मैदानाची आहे. इथली काळी जमीन पावसाळ्यात बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाच्या मैदानावर झेप घेतली की कोपर आणि मांडी सोलवटून निघते. असे लागलेला गोलकीपर पुढच्या वेळी उडी घ्यायला कचरतो आणि उभ्या उभ्याच चेंडू अडवायची सवय लागते. ती मोडणे अवघड. प्रत्येक शाळेला हिरवळ देता येणार नाही, पण गोलसमोर वाळू-माती मिसळून भुसभुशीत केलेला एक चौकोन आणि कोपर-गुडघ्यांचे पॅड एवढे तरी देता येईल. आणि संघात दुसऱ्या गोलकीपरचे नाव फक्त यादी भरायला लिहू नये. सरावात निम्मे फटके त्याच्यावर मारावेत, सोप्या सामन्यात त्याला अर्धा वेळ उतरवावे, आणि त्याच्या हातून गोल सुटला तर पुढच्या सामन्यातही त्याला खेळवावे.