तुरुंगातला पिंपळ

सांग बघू, स्मारक कशाचं असतं? दगडाचं! संगमरवराचं! वर पितळी पाटी! बरोबर. पण एका स्मारकाला दर वर्षी चक्क पालवी फुटते. कोवळी, तांबूस, लुसलुशीत. त्याच्यावर पाखरं बसतात. आणि ते वाढतंसुद्धा!

कुठे आहे ठाऊक आहे? चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहात. हो, हो, तुरुंगात! तिथला एक पिंपळ.

एरवी तुरुंगात कोण कशाला जाईल? पण 21 ऑक्टोबरला लोक मुद्दाम तिथे जातात. फुलं वाहतात, डोकं टेकवतात. कुणासाठी? वीर बाबुराव शेडमाके यांच्यासाठी!

बाबुरावांचा जन्म 12 मार्च 1833 चा. गाव किष्टापूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यातलं. घर गोंड जमीनदाराचं. 1857 साली इंग्रजांविरुद्ध उठाव पेटला, तेव्हा बाबुराव होते अवघे 24 वर्षांचे. तुझ्या शाळेतल्या सगळ्यात तरुण सरांएवढे असतील! त्यांनी जंगलातल्या गावागावांतून तरुण गोळा केले आणि फौज उभारली. तिचं नाव जंगोम सेना.

मूलजवळच्या गढीसुर्ल्याच्या टेकडीवर तर गंमतच झाली. खालून इंग्रजांची फौज वर चढतेय. आणि वरून? धडाडधूम! दगडधोंडे! धोंड्याला ना दारूगोळा लागतो ना काडतूस. नुसता सोडून द्यायचा, की उतारावर त्याचा वेग आपोआप वाढत जातो. डोंगरच आपल्या बाजूने लढायला उतरला म्हण ना!

पण शेवटी 18 सप्टेंबर 1858 ला बाबुराव पकडले गेले. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. चांदा म्हणजेच आपलं चंद्रपूर. ती फाशी दिली याच पिंपळावर. बाबुराव तेव्हा 25 वर्षांचे होते.

आता जरा त्या झाडाजवळ ये. एक अजब गोष्ट सांगते.

झाड जाड कसं होतं? आतून फुगत नाही काही! सालीच्या अगदी खाली एक पातळ जिवंत थर असतो. तो दर वर्षी जुन्या लाकडावर नवं लाकूड चढवतो. थंडीत आपण एका स्वेटरवर दुसरा चढवतो ना, तसं. पण झाड आतला स्वेटर कधीच काढत नाही! म्हणजे ओळख पाहू काय? खोड आतून पोकळ झालं नसेल, तर 1858 सालचं लाकूड अजून तिथेच आहे. बाबुरावांना ज्या झाडाने पाहिलं, ते झाड आजच्या झाडाच्या पोटात!

बल्लारपूरच्या लाकूड डेपोत सागाचा कापलेला ओंडका बघायला मिळाला, तर त्यावरची वर्तुळं मोज. एक वर्तुळ म्हणजे साधारण एक वर्ष. पिंपळ मात्र लबाड! त्याची वर्तुळं सागासारखी स्पष्ट दिसत नाहीत. वय लपवतो बेटा.

आणि पिंपळ जगतो तरी किती? श्रीलंकेत अनुराधापुरला एक पिंपळ आहे. तो लावला इसवी सनापूर्वी 288 मध्ये. सव्वादोन हजार वर्षं उलटून गेली, अजून हिरवागार! त्याच्यापुढे आपला चंद्रपूरचा पिंपळ म्हणजे बालवाडीतलं पोरच की.

अजून एक नवल ऐक. 21 ऑक्टोबर याच तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिनही असतो! त्याचा बाबुरावांशी काही संबंध नाही बरं का. 1959 साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले 10 पोलीस शहीद झाले. म्हणून ही तारीख. शंभर वर्षांचं अंतर, दोन वेगळ्या लढाया आणि दिवस तोच!

गडचिरोलीत तर हा दिवस घराघराला भिडतो. इथल्या जंगलात नक्षलवाद्यांशी लढताना कितीतरी पोलीस शहीद झाले. 1990 मध्ये इथे सी-60 नावाचं कमांडो पथक तयार झालं. पहिल्यांदा 60 जवान होते, म्हणून 60! त्यातले बरेच जण इथल्याच गावांतले, इथलीच भाषा बोलणारे, इथल्याच पायवाटांवर वाढलेले.

त्या दिवशीची परेड बघायला मिळाली, तर जवानांच्या बंदुकांकडे नीट बघ. हुकूम येतो, 'शोक शस्त्र!' आणि सगळ्या बंदुका एकदम उलट्या होतात. नळीचं तोंड जमिनीकडे, दस्ता वर, दस्त्यावर दोन्ही हात, मान खाली. बिगूल वाजतो. वर्षभरात शहीद झालेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात. सगळी! कितीही वेळ लागला तरी.

हा झाला पोलिसांचा दिवस. आणि जे सैनिक लढून घरी परत आले, त्यांचं काय? त्यांच्यासाठी 7 डिसेंबर आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून! त्या दिवशी निधी गोळा होतो. तो माजी सैनिकांसाठी, जखमी जवानांसाठी आणि शहिदांच्या घरच्यांसाठी असतो. पैसे दिले की छातीवर लावायला छोटासा झेंडा मिळतो. त्यावर तीन रंग. लाल भूदलाचा. गडद निळा नौदलाचा. आणि फिका निळा? मान वर करून बघ आणि तूच सांग!