पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण : आकड्यांमागचे प्रकाशशास्त्र

पक्षीनिरीक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×२५ अशी आकड्यांची जोडी छापलेली असते. त्यातील पहिला आकडा विवर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, ते सांगतो. ८ विवर्धनाच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरचा पक्षी नुसत्या डोळ्यांना १० मीटरवर दिसावा तेवढा दिसतो. दुसरा आकडा वस्तुभिंगाचा, म्हणजे पक्ष्याकडे रोखलेल्या पुढच्या भिंगाचा, मिलिमीटरमधील व्यास असतो आणि दुर्बिणीत किती प्रकाश शिरणार हे त्यावरून ठरते.

पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असा नवख्या ग्राहकाचा समज असतो. प्रत्यक्षात पक्ष्याबरोबर हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो, त्यामुळे १० पटींच्या पुढे दुर्बीण हातात धरून स्थिर प्रतिमा मिळवणे बहुतेकांना जड जाते. त्याशिवाय दृश्यक्षेत्र, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी दिसणारा परिसर, आक्रसते. हे क्षेत्र १००० मीटर अंतरावर किती मीटर रुंदी दिसते या मापात सांगितले जाते. ८ पटींच्या चांगल्या दुर्बिणीत ते साधारण १२० ते १४० मीटर असते, तर १० पटींच्या दुर्बिणीत बहुधा ११० मीटरच्या आसपास राहते. झुडपात क्षणभरही न थांबणारा वटवट्या दुर्बिणीत पकडायचा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

तिसरा परिणाम प्रतिमेच्या उजळपणावर होतो. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगसंचातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो आणि त्याला ‘एक्झिट प्युपिल’ म्हणतात. ८×४२ मध्ये तो सुमारे ५.२ मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये केवळ २.५ मिलिमीटर असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावत असल्याने दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. परंतु पहाटे, सायंकाळी किंवा गर्द रानात बाहुली विस्तारते आणि मग लहान दुर्बिणीतील प्रतिमा काळवंडते. पक्ष्यांची लगबग सर्वाधिक असते ती नेमकी याच वेळी.

म्हणूनच निवड अधिवासानुसार करावी लागते. कर्नाळ्याच्या जंगलात अंतर कमी, सावली दाट आणि पक्षी चपळ असल्यामुळे ८×४२ सोयीची ठरते, तर नांदूरमध्यमेश्वर किंवा भिगवणच्या उघड्या पाणथळीवर दूरची बदके निरखताना १०×४२ चा उपयोग होतो. त्याहून दूरच्या चिखलावरील पाणपक्ष्यांसाठी तिपाईवर बसवलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची अधिक विवर्धनाची दुर्बीण, हाच योग्य उपाय होय.

आकड्यांत न दिसणारा भाग आतील काचेचा असतो. दोन बहिर्गोल भिंगांच्या साध्या रचनेत प्रतिमा उलटी दिसते आणि ती सुलटी करण्यासाठी दोन्ही नळ्यांत लोलक (प्रिझम) बसवतात. इटालियन प्रकाशशास्त्रज्ञ इग्नाझिओ पोरो यांच्या १८५४ च्या पेटंटातील लोलकरचनेमुळे दुर्बीण रुंद होते. सरळ नळ्यांची ‘रूफ’ लोलकांची दुर्बीण आटोपशीर असते, मात्र तिच्या लोलकांवर विशेष लेप नसेल तर प्रतिमेचा रेखीवपणा कमी होतो. लेपांचे महत्त्व भिंगांनाही तेवढेच आहे. लेपाविना काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो; परावर्तनरोधक लेपांचे अनेक थर दिल्यास हे नुकसान प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणता येते. लालभडक चमकणारी भिंगे उत्तम प्रतीची समजली जातात. वास्तविक तो लेप लाल प्रकाश परत फेकतो आणि पिसाऱ्याचे रंग बिघडवतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा नेत्रिकेपासून किती दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते ते अंतर, किमान १५ मिलिमीटर असल्याची खात्री करून घ्यावी. कोकणच्या पावसात आणि दमट हवेत भिंगांवर आतून बाष्प धरू नये, तसेच बुरशी चढू नये, यासाठी नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण श्रेयस्कर ठरते. ७०० ग्रॅमच्या पुढचे वजन दिवसभर गळ्यात बाळगणे त्रासाचे होते, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी दुर्बीण दुकानाबाहेर नेऊन सावलीतील फांदीवर रोखावी. दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा सहज एकरूप होत नसतील किंवा फांदीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार ठळक दिसत असेल, तर ती नाकारावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये, कारण त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. पहिलीच दुर्बीण घेणाऱ्याने फार विवर्धनाचा किंवा झूमचा मोह टाळून, परवडेल त्यात उत्तम लेपांची ८×४२ निवडावी, हेच सर्वांत सुरक्षित.